डिप

पानेवाडीच्या डेपोत मी एकतीस वर्षं टाक्या मोजल्या.
सकाळी सहाला वळणाचा लोखंडी जिना,
समोर हडबीची शेंडी, अजून अंधारातली,
वर झाकण उघडायचं, वारा पाठीवर घ्यायचा
आणि फीत सोडायची.
पितळी लंबक तळाला टेकतो
तेव्हा आवाज होत नाही,
बोटांना नुसतं कळतं.
तेवढं कळायला दोन वर्षं जातात.

लंबकाला पेस्ट लावायची.
तळाशी पाणी असेल तर ती लाल होते.
वर नऊ मीटर पेट्रोल असलं तरी
खालचं पाणी लपत नाही.
मनमाडात नळाला वीस दिवसांनी पाणी यायचं
आणि इथे बोटभर सापडलं
की आम्ही तक्रार लिहायचो.

परवा पत्र आलं. जाड कागद, नवं बोधचिन्ह.
‘मालकी हस्तांतरणानंतर निवृत्तिवेतन न्यासाच्या
दायित्वांचा यथावकाश आढावा घेण्यात येईल.’
पुष्पलताला वाचून दाखवलं.
ती मेथी निवडत होती.
म्हणाली, यथावकाश म्हणजे कितवी तारीख?

इंदिरानगरच्या मंगल कार्यालयात मीटिंग झाली,
मुहूर्त नसलेला दिवस, म्हणून भाडं निम्मं.
खुर्च्यांना मागच्या लग्नाच्या गुलाबी फिती तशाच.
अहिरराव साहेब फाईल घेऊन बोलले:
विमा कंपनी, व्याजदर, तूट, कोर्ट, तूट.
आम्ही माना हलवल्या,
जशा जावयाच्या गावच्या भाषणात हलवतो.
मग मागून रऊफ उठला, टाकी नंबर सातचा रऊफ,
गुडघा धरून.
साहेब, एवढंच सांगा, या फंडाचं झाकण कुठंय?
मी चढतो. मी बघून येतो.

सगळे हसले.
साहेबही हसले.
उत्तर तेवढं राहिलं.

पेट्रोलच्या टाकीचं छत पेट्रोलवरच तरंगतं,
हे बाहेरच्यांना पटत नाही.
माल उतरला की छत उतरतं,
कडेनं करकरत, हळूहळू,
आत कुणी राहत नसतं म्हणून
त्याची भीती वाटत नाही.

पवननगरच्या आमच्या बिल्डिंगखाली
नातीची स्कूटर उभी असते, बॅटरीवरची.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर मीच सोडली,
टेप मारून, पावसाचं पाणी जाणार नाही अशी.
आवाज नाही, धूर नाही, वास नाही.
माझ्या पेन्शनीच्या विरोधात
ओवी रोज सकाळी कॉलेजला जाते,
हेल्मेट घालून, मला टाटा करून.
लाइट बिल मी भरतो.
त्याच पेन्शनीतून.

नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला.
यंत्राला माझा अंगठा दिसेना.
पेट्रोलनं रेषा पुसल्यात, म्हटलं.
काउंटरवरची मुलगी चांगली होती,
तिनं तिच्या पर्समधलं क्रीम दिलं,
पाचव्यांदा दिवा हिरवा झाला.
झालं काका, आहात तुम्ही.
विचारणार होतो,
कंपनीचा असा दाखला
कुणी, कुठल्या महिन्यात घ्यायचा?
पण मागे रांग होती,
आणि त्या पोरीचीही नोकरी कंत्राटावर,
तिच्या गळ्यातल्या कार्डावर तारीख होती.

रात्री झोप येईना तेव्हा कपाटातून फीत काढली,
निरोप समारंभात नारळासोबत दिलेली.
पेस्टची डबी उघडली, ती केव्हाच दगड झालेली.
गच्चीवर गेलो. सोसायटीच्या टाकीचं झाकण सरकवलं,
सवयीनं वारा पाठीवर घेतला.
लंबक सोडला.
टेकला.
बोटांना अजून कळतं.

पुष्पलता जिन्यात येऊन उभी, गाऊनवर शाल.
काय करताय अंधारात? किती आहे?
नऊशे बारा, मी म्हटलं.
नऊशे बारा काय?
मिलिमीटर.
ती थोडा वेळ गप्प राहिली.
म्हणजे किती ते सांगा ना.
म्हटलं, सकाळच्या आंघोळी होतील.