स्थिर आकार

एकोणीस युनिट.
कार्तिकाचा महिना, पाचपावलीतल्या दोन खोल्या,
एक बल्ब, एक पंखा, तोही एकवर,
आणि बातम्यांपुरता रेडिओ.
विजेचे झाले एकशे चौदा.
त्याच्या वरच्या ओळीत: स्थिर आकार, एकशे तीस.
म्हणजे काहीच जाळलं नाही
तरी एकशे तीस जळणारच.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
स्थिर. आकार.
माझ्या वयाच्या बाईला हे दोन्ही शब्द
बरेच दिवसांत कुणी लावले नव्हते.

बिल भरायच्या खिडकीवर विचारलं,
कमी जाळणाऱ्यांसाठी वेगळा दर नाही का,
वापरलं तेवढंच देण्याचा?
पोरगा मान वर न करता म्हणाला,
"आजी, बंगला असो का खोली, खांब तर तोच ना."
रांगेतून मागून कुणीतरी:
"चला ना जी लवकर, जेवाची सुट्टी होऊन राह्यली."

दिराचा लोकेश भिंतीला भिंत लागून राहतो.
"काकू, कायले भरता एवढे?
माझ्या मीटरवरून वायर टाकून देतो,
मोजायला सबमीटर लावू.
दहा रुपये युनिट. वरून काहीच नाही.
नाही जाळलं, नाही दिलं."

नाही जाळलं, नाही दिलं.
इतकं सरळ वाक्य ऐकून
किती वर्षं झाली असतील.

बिलाच्याच पाठीवर हिशेब मांडला.
कंपनीचा दर सहा धरला, लोकेशचा दहा.
नऊ महिने दरमहा चोपन्न वाचतात.
मग लागतो चैत्र.
लोखंडी कूलर, खसच्या ताट्या, कुरकुरणारा पंप,
रात्रभर भिजल्या गवताचा वास:
एकशे दहा युनिट.
तिथे लोकेशचा दर तीनशे दहांनी चावतो,
तीन महिने.
वर्षाकाठी चारशे चव्वेचाळीसचा खड्डा.

कूलर न लावता मे काढला, तर नफा.
पण नागपुरात कूलर न लावता
मे काढणाऱ्या म्हातारीचा नफा
सहसा दुसरंच कुणी मोजतं.

रात्री मेयोची आठवण झाली.
एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आया होते.
काही रात्री एकही बाळ यायचं नाही.
उकळलेलं पाणी निवायचं, मी पुन्हा उकळायची,
झोप लागू नये म्हणून
स्टुलावर बसून पाय हलवत राहायची.
त्या रात्रींचाही पगार मी घेतला.
कुणी कापला असता तर भांडले असते:
बाळ आलं नसेल, मी तर आले होते.

तसं पाहिलं तर ही तारही
दिवसरात्र माझ्या भिंतीत जागीच,
मी कळ दाबीन न दाबीन.
तिच्या जागरणाचं मोल आहे, कबूल.
फक्त ते मोल
माझ्या खोलीला आणि धरमपेठेतल्या बंगल्याला
सारखंच कसं, एवढं
त्या मान खाली घातलेल्या पोराने सांगावं.

लोकेश चांगला आहे. त्याची बायकोही.
पण परवा रामटेकला लग्नाला गेले
तेव्हा सवयीने मेन स्विच पाडून गेले.
मी त्यांच्या दाराचं कुलूप पाहिलं,
मग माझ्या बल्बाकडे पाहिलं.
जळत होता.

अजून त्याला हो म्हटलं नाही.
नाहीही म्हटलं नाही; होळीपर्यंत वेळ आहे.

जेवण झालं की हल्ली मी
दाराशी मीटरखाली पाट टाकून बसते.
एका बल्बावर त्याचा लाल ठिपका
दोन मिनिटांनी एकदा मिचकतो.
मिचकला की मी म्हणते, हा माझा.
मधली दोन मिनिटं
कुणाची, कोण जाणे.
पैसे मात्र त्यांचेही भरलेत,
म्हणून तीही बसून बघते.