चमचाभर

कुओपिओत जानेवारीत श्वास दिसतो.
तोंडासमोर लोंबतो, मिशीवर गोठतो,
कुणाला त्याचं काही वाटत नाही.
मी मात्र पगार घेऊन तो गोळा करते.

थंडगार नळी. दहा मिनिटं.
नेहमीसारखा घ्या, नेहमीसारखा सोडा, मी सांगते,
आणि तौनो ह्युवारिनेन,
प्लायवूडच्या गिरणीत चौतीस वर्षं काढलेले,
नळी तोंडातून काढून विचारतात,
नेहमीसारखा म्हणजे कोणत्या वर्षीसारखा?
घड्याळ पुन्हा शून्यावर आणावं लागतं.

शेवटी तळाशी जमतं ते एवढंसं,
खोकल्याच्या औषधाचा चमचाही भरायचा नाही.
त्यातून आरगॉनचे बुडबुडे सोडते,
विरघळलेला कर्बवायू निघून जावा म्हणून.
पाहुण्याची आंबटी पाहुण्याबरोबर जाते,
उरते ती घरची.

तरी आकडा उतरलेलाच. सातच्या खाली, सहाच्या खाली,
तळघराकडे निघालेल्या लिफ्टसारखा,
पाच पूर्णांक सहावर थांबतो.
दार उघडत नाही.

आमच्या भाषेत हाप्पी म्हणजे प्राणवायू,
हाप्पो म्हणजे आम्ल.
शेवटच्या एका स्वराचा फरक.
शाळेत दोन्ही शब्द एकाच दिवशी फळ्यावर लिहिले होते,
माझा खडू तुटला होता, एवढंच आठवतं.

"म्हणजे मी आतून नासलोय?"
नाही हो, सूज आहे. श्वासनलिका चिडते,
तिथला ओलावा आंबतो.
सुजेमुळे आंबट की आंबटामुळे सूज,
यावरून पलीकडच्या खोलीतले दोन डॉक्टर
एका टेबलावर जेवत नाहीत.
"घरात फक्त दही आंबावं," ते म्हणतात,
"तेही केर्त्तू होती तेव्हा."
कोट चढवताना दुसऱ्या बाहीआधी
जरा थांबतात.

उरलेलं पाणी मी उणे ऐंशीत ठेवते.
नाव लिहायचं नसतं. ४१७-ब.

मे उजाडताना फोन. मागे कुत्रं भुंकतंय.
तळ्यावरचा बर्फ फुटला, सांगतात,
नव्या फवाऱ्याने जिना चढता येतो,
मधे एकदाच टेकून.
मग काहीच नाही. फोनमध्ये नुसता त्यांचा दम,
आत, बाहेर, शेवटाला बारीक शिटी.
मी सवयीने घड्याळ बघते.

"माझं ते तुमच्याकडचं पाणी," विचारतात,
"त्याला थंडी नाही ना वाजत?"