औषधाला

नलूमावशीच्या डबीला सात कप्पे होते.
सोम, मंगळ, बुध रिकामे.
बुधवारी रात्रीची गोळी तिने घेतली होती,
एवढं नक्की.
गुरुवारपासून पुढचे वार भरलेले,
जशी काही ती गावाला गेली आहे
आणि येऊन घेणार आहे.

तेरावं झालं. गोरेगावचा फ्लॅट रिकामा करायचा होता.
साड्या वाटल्या, भांडी गेली,
कुकर सुलेखाने नेला, शिट्टीशिवाय.
उरलं बाथरूममधलं कपाट:
रक्तदाबाच्या, साखरेच्या, झोपेच्या पट्ट्या,
गुडघ्याला चोळायचं जेल, शेपटीपासून गुंडाळत आणलेलं,
मोगऱ्याच्या वासाची पावडर,
आणि केसांच्या काळ्या रंगाची अर्धी बाटली.
ती केस रंगवते
हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

केमिस्ट म्हणाला, परत घेत नाही, ताई.
कचरा न्यायला येणारी संगव्वा म्हणाली,
ओल्यात नको, सुक्यातही नको,
आमची पोरं पेपरमिंट समजून खातात.
भाऊ पुण्याहून म्हणाला,
अगं, फ्लश कर ना. त्यात काय.

मग मी कमोडसमोर पाटावर बसून
पट्ट्या फोडत राहिले,
अंगठ्याचं नख दुखेपर्यंत.
टक्. टक्. टक्.
गुलाबी पहिल्या पाण्याला गेल्या.
पांढऱ्या गोल गोल फिरत वर आल्या,
माझ्याकडे पाहायला.
तीनदा बटण दाबलं.
वरून काळा रंग ओतला,
आणि मोगरा.

अस्थी आम्ही नाशिकला नेल्या होत्या.
भटजी, रांग, पावती, बोटात दर्भ,
सगळं रीतसर.
हे विसर्जन आठ मिनिटांत उरकलं.
पाण्याने पोटात घेतलं सगळं.
घेणारच. त्याला कोण विचारतं?

टाकी पुन्हा भरत होती
तेवढ्यात बेल वाजली.

दारात लुझिया, भाटी गावातली, डोक्यावर टोपली.
पाय मुरगळला होता म्हणून
तीन आठवडे आली नव्हती.
उंबऱ्यापाशी बसली, ओला फडका बाजूला केला.
‘म्हातारी निवट्या मागत व्हती ना गो,
सकालधरनं खाडीन व्हतू, कंबरभर चिखल.
चारच गावल्या.
निवटी आता औषधाला पन मिलत नाय.’

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती बोलतच होती.
पूर्वी हात नेला की उडी मारून बिळात.
आता बसूनच असतात, डोळे उघडे,
धर म्हणतात.
ओशिवरा जिथे खाडीला मिळतो ना,
तिथे तर जास्तच.
आणि तिने हात केला
नेमका बाथरूमच्या भिंतीच्या दिशेने.

मग मी सांगितलं, मावशी गेली.
तिने कपाळ, छाती, दोन्ही खांद्यांना बोटं लावली.
पैसे घेईना.
‘तिचंच हाय,’ म्हणाली,
आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

चार निवट्या स्टीलच्या वाडग्यात.
डोळे डोक्याच्या वर, टपोरे,
काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखे.
एकीने शेपूट हलवली, पुन्हा ठेवून दिली.
मला ना कापवल्या, ना सोडवल्या.
सोडायच्या तरी कुठे?

आता माझीही एक गोळी आहे,
पहाटे, उपाशीपोटी, थायरॉइडची,
डॉक्टर म्हणतात, जन्मभर.
त्यातली काही माझ्यात राहते.
बाकीची मी दर सकाळी, न चुकता,
खाडीला पोचवते.
पट्टी फोडायचीही गरज नाही.

मावशीची डबी माझ्याकडेच आहे.
त्या दिवशी सगळे वार उघडले,
रविवारचं झाकण तेवढं अडकलं, ते अजून अडकलेलंच.
कधीतरी कानाशी धरून हलवते.

आत वाजतं.