सोमवार-बुधवार, सव्वासहा

दिवसभर मी असते काचेच्या आत,
वीज खात्याच्या बिलखिडकीत, पणजीला,
लोकांना सांगत, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.
आज काचेच्या बाहेर उभी आहे
आणि आतून मिस इर्मिना म्हणते, बाय, फाल्यां यो.
अगदी माझ्याच आवाजात.
मान वर न करता.

म्हटलं, उद्या हाफ डे नाही मिळायचा.
आजचाच कसाबसा घेतलाय, दाढेचं कारण सांगून.
दाढ खरं तर दुखतेही आहे.

तिने फटीतून वेळापत्रक सरकवलं:
संध्याकाळचं एम.ए., इतिहास, पहिलं सत्र.
मी घरून दुसरं आणलं होतं,
रायबंदर-चोडण फेरीबोटीचं, माझ्या हातचं.
दोन्ही कागद काउंटरवर शेजारी ठेवले
आणि सोयरीक जुळवू लागले.
मंगळवार नको, तास पावणेनऊला सुटतो,
नवाची बोट, आणि मधे ती बस
जी भरल्याशिवाय हलत नाही.
शुक्रवारी धाकट्याची शिकवणी,
त्याला आणायला माझ्याशिवाय कोणी नाही.
उरला सोमवार-बुधवार, सव्वासहा,
'नदीवरचा व्यापार', ऐच्छिक,
जागा वीस.
वीसही भरलेल्या.

अर्जात आडनावासाठी बारा चौकोन.
तारी दोनातच संपलं.
पणजोबा याच नदीत होडी हाकायचे,
पलीकडून हाक आली की निघायचे.
ऐच्छिक म्हणजे काय, त्यांना विचारायला हवं होतं.

तेवढ्यात मागून एक जण पुढे झाला,
कंपनीचा निळा शर्ट, खिशाला अजून पास लटकलेला.
मिस, म्हजें नांव काड. शिफ्ट बदलली.
दोन ते दहा, डिसेंबरापर्यंत तरी.
तिने रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक सतरा,
रोहिदास वेळीप.
पट्टी धरून एक सरळ रेघ.
मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं:
बाय, तुजें नशीब.

मी घेतलं.
सतराच्या वर, अरुंद जागेत
माझं नाव बसलं, त्याच्या रेघेला जवळजवळ चिकटून.

पावती होईपर्यंत तो बाकावरच बसून होता,
चपलेचा पट्टा पुन्हा पुन्हा लावत,
जणू आणखी एखादं काम राहिलंय.
काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, कुठले तुम्ही?
केपें, म्हणाला. वेर्ण्याला कामाला.
ही तिसरी खेप. दर वर्षी नाव घालतो.
मग दारापर्यंत जाऊन परत आला:
तुम्ही टिपणं काढता ना?
अक्षर कसं आहे?

बोटीत स्कूटरींच्या मधे उभी राहून
नवी वही उघडली. दाढ ठणकत होती.
पहिल्या पानावर विषय, वार, वेळ,
खाली त्याचा नंबर, पावतीच्या मागून उतरवलेला.
साखळी सोडता सोडता फेरीवाला म्हणाला, कितें गो, उशीर?
म्हटलं, आता आठवड्यातून दोनदा.
चवथीच्या आधी पहिली चाचणी,
त्याआधी किती तास, तासाला किती पानं,
झेरॉक्स दोन रुपये, की कार्बन घालून लिहावं,
हा हिशेब जुळेपर्यंत धक्का आला.

अक्षर माझं बरं आहे.
बिलांवर सह्या करून करून
जरा तिरकं झालंय, एवढंच.