चूक वाटून द्यायची रीत

गॅपच्या प्रतिज्ञापत्रात कारणासाठी एकच ओळ होती.
बेलापूरला कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेला टायपिस्ट म्हणाला,
'घरगुती अडचण' टाकू? सगळे तेच टाकतात.
टाका म्हटलं.
अकरा वर्षं त्या दोन शब्दांत मावली,
वर थोडी जागाही उरली.

घरगुती अडचण कोपरखैरण्यात पलंगावर पडून असते,
तीस वर्षं पोती वाहून मणका झिजलेली.
अॅडमिशनचं सांगितलं तर बाबा म्हणाले, "फी किती हाय?"
मग बराच वेळ पंख्याकडे बघत,
"पास मिळतो का रं अजून तुला, कालेजचा?"

सकाळी मी मसाला मार्केटात.
ब्याडगी, लवंगी, संकेश्वरी
मी नुसत्या शिंकेवरून ओळखतो.
दुपारी वाशीत, दुसरं वर्ष, भूगोल.
शेजारी बसणारी अल्फिया शिंकते
आणि सॉरी मी म्हणतो.
पोरं काका म्हणतात. शेवाळे मॅडम अहो म्हणतात,
माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी उभं राहून ध्येय सांगितलं,
यूपीएससी, ड्रोन, एकाचं कॅनडा.
माझी पाळी आली आणि तास संपला.
इतकी सुटल्यासारखी घंटा
शाळेतही कधी ऐकली नव्हती.

जानेवारीत मैदानावर होकायंत्र आलं.
तिपाई रोवायची, झेंडीवर नजर धरायची,
काटा थांबला की अंश लिहायचे.
माझे सात-आठ अंश दरवेळी इकडेतिकडे.
मॅडम म्हणाल्या, अहो, खिशात काय आहे?

गोडाऊनच्या किल्ल्या निघाल्या, अकरा.
आणि पोतं ओढायचा आकडा,
बाबांचा. माझं काम तर वजनाच्या पावत्या लिहिण्याचं,
आकडा उगाच, सवयीने.
"लोखंड जवळ असलं की काटा तिकडे ओढला जातो.
पुस्तकात ह्याला स्थानिक आकर्षण म्हणतात."
पोरं हसली. मीही.

अल्फियाने ते सगळं वीस पावलांवर
जांभळाखाली नेऊन ठेवलं.
काटा थरथरला, बसला.
मला वाटलं होतं हलकं वाटेल.
छे. दर वाचनानंतर मी मागे वळून बघत होतो,
आकडा आहे ना तिथेच.

अ पासून निघालो. ब, क, ड, इ,
आणि फिरून अ.
मैदानावर मी त्याच खुंटीशी उभा,
कागदावर मात्र दोन अ पडले,
मधे साडेचार मिलिमीटर.

तन्वेश म्हणाला, काका, खोडा आणि जोडून टाका,
कोण बघतंय.
मॅडम बघत होत्या.
म्हणाल्या, शेवटच्या रेषेचाच दोष कसा असेल?
चूक वाटेत सगळीकडे होत आलेली असते.
ती वाटून द्यायची,
प्रत्येक बाजूला तिच्या लांबीप्रमाणे.
लांब बाजूला जास्त.

ड ते इ सगळ्यात लांब होती.
तिला तिचा वाटा देताना
पेन्सिल मी दोनदा टोकदार केली.

रात्री कागद पलंगावर पसरून दाखवला.
बाबांनी चष्मा मागितला,
नकाशा उलटा धरला, मी सुलटा केला.
"मंजे चूक कुणाची निघाली?"
सगळ्यांची, थोडी थोडी.
"हां," ते म्हणाले, "टोळीत वाराई वाटत्यात तशी."

मी इतके दिवस वर्गात बसून
ह्याहून सोपं काही लिहून घेतलं नव्हतं.

मग त्यांनी हात पुढे केला.
"आकडा दे हिकडं.
मोजायला जातोस तवा कशाला नेतोस?"
हात पुरेना, म्हणून मीच खुंटीला अडकवला,
त्यांना पडल्या पडल्या दिसेल असा.
जरा हलला, थांबला.

ध्येयाचा रकाना अजून कोरा आहे.
उद्या डंपी लेव्हल.
किल्ल्या शेठकडे ठेवायच्या,
एवढं लक्षात ठेवायला हवं.