नाळे

शाळा सुटल्यापासून मशीनखाली
आणखी एक घर झालंय.
अस्तराच्या चिंध्या अंथरून समर्थ तिथं झोपतो.
माझा एक पाय पायडलवर,
दुसऱ्यावर त्याचं डोकं.

वडगावात मे महिना म्हणजे लग्नं.
बावीस ब्लाऊज, त्यातले नऊ शनिवारचे,
आणि अकराला गेलेली लाईट
अजून येतेच आहे.

दारात बसलिंगव्वा.
पदरानं मान पुसत विचारते, आयतेनु?
माझ्या तोंडात टाचण्या.
तेजूच उठते, आंब्याचे हात फ्रॉकला पुसून
वहीत बघितल्यासारखं करते
आणि थेट माझ्या आवाजात:
नाळे बर्री अक्का, हुक अष्टे उळदाव.

हुक!
अजून कापडाला कात्री लागली नाही.

बसलिंगव्वा हसत हसत पायऱ्या उतरली.
समर्थ जागा झाला, गालावर चिंधीचा वळ,
ताई, खानापूरला मामाकडं कधी जायचं गं?
फणस संपतील की.

तेजू वही मिटते.
नाळे, म्हणते,
माझ्याकडं न बघता.

मी एकेक टाचणी काढून
उशीत खोचते.
लाईट कधी आली कळलंच नाही.
पंख्याखाली मापांची पानं
आपोआप उलटतायत,
आणि पायडलवर पाय
जात नाही.