वाजणारा खण

सांगोल्याहून वेंगुर्ल्याला बदली झाली तेव्हा
माझ्याकडे एक ट्रंक, एक स्टोव्ह
आणि टपालाची पिशवी, तीही सरकारी.
खोलीत खोकलं तरी आवाज परत यायचा.

मग पत्रं वाटता वाटता दिसू लागलं
कुणाच्या गडग्याला काय टेकून उभं आहे.
दाभोली नाक्यावर तीन पायांची खुर्ची,
वर दगड, दगडाखाली चिठ्ठी : कोणीही न्या.
चौथा पाय त्याच घरी, शेवग्याखाली सापडला,
दोन दिवसांनी, वीजबिल टाकायला गेले तेव्हा.

इनासबायनं फ्रीज दिला, थंड न करणारा.
“तांदूळ ठेव गो त्येच्यात,
उंदराचो बापूस पण शिरूचो नाय.”
हापूसच्या चार रिकाम्या पेट्यांत पुस्तकं लावली.
गणपतीपर्यंत पानं उलटली की भूक लागायची.

खाट मात्र कुणी नेईना.
राऊळांचे आजोबा तिच्यावरच गेले होते.
आठ दिवस आवारात, कोंबड्या वर बसलेल्या.
सून म्हणाली, “भिती वाटना नाय?”
म्हटलं, जमिनीवर गोम फिरते, तिची जास्त वाटते.
टेंपो मासळीचा मिळाला, बर्फाचं पाणी गळणारा.
पंधरा दिवस खाटेला बांगड्याचा वास.
आजोबांचा काही असेलच,
तर तो त्याच्याखाली राहिला.

आणि हे मेज. आरोलकरांचं,
बंदरावरच्या कचेरीत कारकून होते ते.
“न्हेतल्यात तर न्या. पण खण उघडना नाय.
चावी तिच्याकडे असायची.”
एवढंच बोलून माडाकडे बघत राहिले.

लिहिताना कोपर टेकलं
की आत काहीतरी घरंगळतं.
सुपारी? बटण? जपमाळेचा सुटलेला मणी?
एकदा पेचकस घेऊन बसले होते.
एक स्क्रू काढला, परत लावला.

काल आरोलकर आले,
पेन्शनच्या कागदाचं विचारायला,
जो पोस्टातही विचारता आला असता.
चौथ्या पायाच्या खुर्चीत जपून बसले.
चहा निम्मा झाल्यावर म्हणाले, “अजून वाजता?”
वाजतं, म्हटलं.
त्यांनी बशी बाजूला सरकवली,
मेजाची एक कड बोटभर उचलली, सोडली.
या टोकापासून त्या टोकापर्यंत ते गेलं,
लाकडाला लागलं, थांबलं.
“होय तर,” म्हणाले.

चप्पल घालताना दारातून सांगितलं,
घरी एक पंखा आहे,
पाती चांगली आहेत, मोटर जळलेली,
हवा तर घेऊन जा.